शकूताईचं खरं दुखणं

ताई, तू गेलीस त्याला उद्या पाच आठवडे होतील. भेटायला येणाऱ्या बायका आता कमी झाल्यात. आल्या की आईजवळ बसतात, पदर तोंडाला लावतात, आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणतात, "सुटली बिचारी." मागच्या शनिवारी खालच्या चाळीतल्या मथुराबाई त्याच्या पुढचंही बोलून गेल्या. "आणि तुम्हीपण सुटलात." आईनं नुसती मान हलवली. मी मोरीत कप विसळत होते. बाहेर येऊन विचारावंसं वाटलं, कशातून सुटली? पण मी कप विसळत राहिले. अशा वेळी गप्प राहायची मला सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

म्हणून आता तुझ्याशीच बोलते. आपल्या घरात तुझ्याविषयी सगळे बोलायचे, आई अण्णांशी, अण्णा मामांशी, मी आईशी. तुझ्याशी मात्र कुणी बोलायचं नाही. तू खोलीत आलीस की आमचा विषय बदलायचा आणि तू तो बदलताना बघायचीस.

तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अण्णांनी धम्म घेतला त्याआधीची तू, म्हणून शकुंतला. मी नंतरची, म्हणून सुजाता. आई पॅकिंगच्या कामाला जायची, त्यामुळे माझ्या वेण्या तू घातल्यास, माझी पाटी तू पुसलीस, भांडुपच्या डोंगरावरनं शाळेपर्यंत माझा हात तू धरलास. मॅट्रिक झालीस, टायपिंग शिकलीस, आणि मरोळच्या एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर लागलीस. एकदा सुट्टीत मला तिथं घेऊन गेली होतीस. भिंतीएवढा बोर्ड, त्यात ओळीनं भोकं, आणि तुझ्या हातात पितळी टोकांच्या वायरी. एक वायर इकडे खुपसायचीस, दुसरी तिकडे, आणि मध्ये तुझा आवाज. "जोडून देते, थांबा हं." कुठल्या खात्यातला कोण बोलतोय हे तू त्याच्या पहिल्या श्वासावरून ओळखायचीस. हा आवाज कुणाचा ते बघायला माणसं मुद्दाम तुमच्या खोलीत डोकावून जायची. तुला त्याचा अभिमान होता. असायलाच हवा होता.

आजाराची पहिली खेप आली तेव्हा तू सव्वीस वर्षांची होतीस, आणि घाटकोपरचं स्थळ तुझ्यासाठी पक्कं होत आलं होतं. सुरुवातीला आम्हाला वाटलं, लग्न ठरतंय म्हणून खुशीत आहेस. तू भरभर बोलायला लागलीस. आम्ही उठायच्या आत घरातले सगळे डबे घासून पालथे घातलेले असायचे. मग शेजाऱ्यांचेही डबे आणायला लागलीस. जेवायला बसलीस की दोन घास खाऊन उठायचीस, कारण मध्येच काहीतरी सुचलेलं असायचं. आई मला म्हणाली, "हिचे डोळे बघ गं. बघतेय आपल्याकडे, पण आपल्याला बघत नाहीये." मला तेव्हा ते कळलं नाही. पुढं मी ते डोळे लांबून ओळखायला शिकले.

मग एक दिवस बोर्डावर तू लोकांना ते मागतील तिथं जोडायचं सोडून, तुला योग्य वाटेल तिथं जोडायला लागलीस. युनियनच्या माणसाला थेट मालकांच्या टेबलावर जोडलंस आणि दोघांना सांगितलंस, "आता एकदा समोरासमोर बोलून घ्या, मला रोज दोन्हीकडचं ऐकायचा कंटाळा आलाय." कंपनीतले दोघं जण तुला टॅक्सीत घालून घरी घेऊन आले. त्यातल्या वयस्कर माणसानं अण्णांना बाजूला घेतलं. "बाईंना जरा आराम द्या." तू मागं उभी राहून हसत होतीस. मला त्या हसण्याची भीती वाटली, ताई. तुझी मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

आईनं तुला अण्णांपासून चोरून डोंगरापलीकडच्या एका भगताकडं नेलं. अण्णांनी घरातले देव कधीच बंद केले होते, त्यामुळे हे त्यांना कळल्यावर ते खूप चिडले. भूतबाधा वगैरे काही नसतं, असं त्यांनी आईला ठणकावलं. आणि मग तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले, तासभर बोलले. मन खंबीर ठेवावं. वाचन करावं. आपल्या माणसांनी काय काय सोसलं ते आठवावं, त्यापुढं हे काय. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "अण्णा, मी प्रयत्न करतेय. ते मनाच्या आत नाही, मन त्याच्या आत आहे." अण्णा उठून बाहेर गेले. आईला ते भूत वाटत होतं आणि अण्णांना कमकुवतपणा. आजार कुणालाच वाटत नव्हता. मलाही नाही.

चाळीत एक नर्सबाई राहायच्या, त्यांनी सरकारी दवाखान्याची वाट दाखवली म्हणून आपण तिथं पोचलो. मनोविकारांच्या विभागाबाहेर लांब बाक होता. त्यावर बसलेला प्रत्येक माणूस ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचा. तू एकटी सगळ्यांकडे बघत बसायचीस. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, हा एक क्षारच आहे, मिठासारखा. रक्त तपासत राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, हात थोडे कापतील, पण मनानं कधी बंद करायच्या नाहीत. हे शेवटचं ते तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा मी तिथं होते.

तू बरी झालीस. हे मला मोठ्यानं म्हणायचंय, कारण ते कुणी म्हणत नाही. पुढची पाच-सहा वर्षं तू बरी होतीस. कंपनीनं परत घेतलं. बोर्डावर नाही, फायलींच्या खोलीत. तिथं आवाजाचं काही काम नव्हतं. तू त्याबद्दल घरी एकदाच बोललीस, "बोर्डावर नवीन मुलगी आलीय, नाकातून बोलते," एवढंच. घाटकोपरचं स्थळ फिरलं. चाळीत आपण सांगितलं होतं, शकूला टायफॉइड झाला होता, तो डोक्यात गेला. हे अण्णांनी शोधून काढलं होतं, ज्यांनी आयुष्यभर आम्हाला खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. चाळीनं टायफॉइडवर विश्वास ठेवला नाहीच. नळावर भांडण झालं की कुणीतरी म्हणायचं, "जा, आधी घरच्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करा." आपण हंडा उचलून निघून यायचो. गोळ्यांची बाटली शिवणाच्या डब्यात, लेसच्या गुंडाळ्यांखाली असायची. पाहुणे आले की तू पाणीसुद्धा कमी प्यायचीस, कुणी विचारू नये म्हणून.

आणि त्याच वर्षांत तू मला उभं केलंस. मी डी.एड. झाले, शाळेत लागले, आणि पहिल्याच आठवड्यात रडत घरी आले, कारण माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. तू मला चाळीच्या गॅलरीच्या या टोकाला उभं केलंस, स्वतः त्या टोकाला गेलीस आणि धडा वाचायला लावलास. "ऐकू येत नाही." पुन्हा. "ओरडतेयस तू. ओरडू नकोस, पोचव." पंधरा दिवस रोज संध्याकाळी. लोक हसत होते, तुला पर्वा नव्हती. आज वर्गात पासष्ट मुलं असतात आणि मला घसा ताणावा लागत नाही. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. बहिणीला काय म्हणायचं, असं वाटायचं.

मग मिलिंदचं स्थळ आलं. मुलुंडचं घर, शिकलेली माणसं, मुलगा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. मला तो आवडला होता, तुला ते पहिल्या दिवशीच कळलं. त्या रविवारी तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस.

"सुजा, आपण त्यांना सांगू या."

"काय?"

"माझं. मला आजार आहे, औषध चालू आहे, इतकी वर्षं मी ठीक आहे. दोन मिनिटांचं काम."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर ते घर तुझ्या कामाचं नव्हतं."

"तुला काय जातंय म्हणायला," मी म्हणाले. "तुझं तर मोडलंच आहे."

तू घडी घालायची थांबली नाहीस. उशीचा अभ्रा होता, त्याची चौकोनी घडी केलीस, दुसऱ्या अभ्र्यावर ठेवलीस. "उद्या कळलं तर तुला जास्त त्रास होईल," एवढं म्हणालीस आणि उठून गेलीस. हे भांडण तिथंच राहिलं. आपण दोघींनी ते पुन्हा काढलं नाही.

पुढच्या रविवारी ती मंडळी चहाला आली. चहाचा ट्रे तू आणलास. मला अजून तो आवाज ऐकू येतो, कपबश्या एकमेकींवर वाजत होत्या आणि तू दारापासून चार पावलं चालत येईपर्यंत खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. बशांमध्ये चहा सांडला. मिलिंद पटकन उठला आणि त्यानं ट्रे घेतला. त्याच्या आईनं तुझ्या हातांकडे बघितलं, मग तुझ्या तोंडाकडे, मग आईकडे. "बरं नाही का हिला?" आई म्हणाली, "उपाशी आहे सकाळपासून. कामात राहिलं."

ते गेल्यावर मी तुला आतल्या खोलीत गाठलं. मी काय बोलले ते तुला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहू दे.

"ताई, लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेव ना."

"डॉक्टरांनी सांगितलंय, मनानं बंद करायच्या नाहीत."

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. हात बघितलेस का तुझे? सगळे तुझ्या हातांकडेच बघत होते."

तू हात पदराखाली घेतलेस. मला वाटलं आता तू चिडशील, आणि चिडली असतीस तर बरं झालं असतं.

"बरं," तू म्हणालीस.

पहिला आठवडा तर सगळं झकास चाललं होतं. हात कापायचे थांबले. तुझी तहान गेली, चेहऱ्यावरची सूज उतरली, तू दहा वर्षांनी लहान दिसायला लागलीस. आई म्हणाली, "बघ, उगाच इतकी वर्षं त्या गोळ्या खात होती." अण्णासुद्धा खुश होते. तू रुखवत मांडलंस, पत्रिकांवर सुंदर अक्षरात नावं घातलीस, अख्ख्या चाळीला स्वतः जाऊन आमंत्रणं दिलीस. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले तर सगळे डबे घासून खिडकीत पालथे ठेवलेले होते.

मी ते बघितलं, ताई. एकेक डबा मी पाहिला. मला कळलं होतं. मी मनात दिवस मोजले, नऊ उरले होते, आणि मी डबे उचलून परत फळीवर मांडून टाकले, आईनं बघायच्या आत.

लग्नात तू फार देखणी दिसत होतीस. विधी झाला, मेणबत्त्या लावून झाल्या, वडीलधारे दोन शब्द बोलले, आणि मग तू माइकजवळ गेलीस. पहिली पाच मिनिटं सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "किती छान बोलते गं तुझी बहीण." तुझा आवाज परत आला होता, बोर्डावरचा. पण तू थांबत नव्हतीस. माझ्या लहानपणावरून तू कंपनीवर गेलीस, तिथून सगळ्या जगातल्या माणसांना एकमेकांशी जोडायला हवं यावर गेलीस, आणि माझी नजर तुझ्या डोळ्यांवर गेली. ते तेच डोळे होते. मामांनी हसत हसत येऊन माइक काढून घेतला. मी पेढा खाल्ला. फोटोत मी हसतेय.

तिसऱ्या दिवशी तू मरोळला गेलीस आणि बोर्डावर जाऊन बसलीस. त्या नवीन मुलीला उठवलंस आणि मग कुणाच्याच सांगण्यानं उठेनास. या वेळी तुला आणायला चार माणसं लागली. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. अण्णा म्हणाले, "सुजाला सासरी जाऊन आठवडा झाला नाही. कुणी बघितलं म्हणजे? पंधरा दिवस जाऊ देत." पंधरा दिवस तू आतल्या खोलीत होतीस आणि बाहेरून कडी होती. मी माहेरपणाला आले तेव्हा आईनं मला दारातच सांगितलं, आत जाऊ नकोस, तिला त्रास होतो. मी बाहेरच्या खोलीत बसून चहा प्यायले. आतून तू म्हणत होतीस, "हॅलो, हॅलो, कुणी आहे का लाइनवर?" मी उत्तर दिलं नाही. माझ्यासोबत मिलिंदची धाकटी बहीण आली होती. आई तिला म्हणाली, "रेडिओ आहे शेजारचा."

पुढं गोळ्या परत सुरू झाल्या, जोडीला जड झोपेची औषधं आली, आणि तू शांत झालीस. पण या वेळी तू पहिल्यासारखी वर आली नाहीस. खिडकीशी बसायचीस, हळू बोलायचीस. आजारात तू कधी पोटात घंटी वाजतेय म्हणाली होतीस, कधी हातातून करंट जातोय म्हणाली होतीस. त्यामुळे तुझ्या अंगाविषयी तू जे सांगशील ते कानावर घ्यायचं नाही असं घरात ठरूनच गेलं. कुणी ते बोलून दाखवलं नाही.

लग्नाला आठ महिने झाले होते. मी शनिवारी शाळा सुटल्यावर आले, तर तू पाय पोटाशी घेऊन भिंतीला लागून पडली होतीस. आई म्हणाली, "कालपासून पोटाचं चाललंय. तिचं नेहमीचं." मी तुझ्याजवळ बसले. तू माझं मनगट धरलंस. तुझा हात कापत नव्हता, घट्ट होता.

"सुजा, इकडे उजवीकडे दुखतंय. हे ते नाही. हे खरं दुखणं आहे. मला दोन्हीतला फरक कळतो."

मी विचारलं, "गोळी घेतलीस का?"

तू माझं मनगट सोडलंस. भिंतीकडे तोंड केलंस. "घेतली," म्हणालीस.

ताई, मी शिक्षिका आहे. वर्गात एखादं पोर पोट धरून उभं राहिलं तर मी त्याला लगेच घरी पाठवते. त्याला विचारत बसत नाही की हे खरं आहे का. तुला मात्र मी विचारलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले होते. त्यांनी आधी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत. आईनं बाटली दाखवली. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं, पोटाला वरवर हात लावला, एक इंजेक्शन दिलं. जाताना अण्णांना म्हणाले, "मनाचं आहे. झोपू द्या." अण्णांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. निदान नवीन काही नव्हतं. मी पाच वाजता मुलुंडला परत गेले.

रविवारी दुपारी सासरच्या खालच्या दुकानात आईचा फोन आला. मी धावत खाली गेले. आई म्हणाली, "अगं, दुखायचं थांबलं तिचं. आपोआप. दोन घास भातपण खाल्ला. मी म्हटलं ना तुला." मी वर आले आणि मिलिंदला सांगितलं, ताईला बरं वाटतंय. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या मित्राकडं जेवायला गेलो. तिथं मी खूप हसले, हे मला आठवतं.

ते थांबलं, कारण आतलं फुटलं होतं. हे मला सोमवारी कळलं. तोवर तुझं पोट फळीसारखं झालं होतं, अंग तापलं होतं आणि तू माणसं ओळखत नव्हतीस. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी अण्णांना विचारलं, "अपेंडिक्स आहे. इतके दिवस काय करत होतात?" अण्णा म्हणाले, "आम्हाला वाटलं..." आणि पुढचं वाक्य त्यांना आलं नाही. ते अजून आलेलं नाही. बुधवारी सकाळी तू गेलीस. शेवटचं तू माझ्याशी जे बोललीस ते "घेतली" हेच.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. तुझ्या कंपनीतले काही जण आले होते, ती नाकातून बोलणारी मुलगीही, आणि सगळ्यांत जास्त तीच रडत होती. अण्णा बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमची शकुंतला अल्पशा आजारानं गेली." मी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसले होते. तू मला शिकवलेला आवाज माझ्याकडे होता. मी उठले नाही.

परत जाताना मी मिलिंदला सगळं सांगितलं. विहाराबाहेरच्या पारावर बसून. आजार, गोळ्या, मी त्या बंद करायला लावल्या ते, कडी, सगळं. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ताई मला भेटायला आल्या होत्या. चहाच्या आधीच, त्या आठवड्यात. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर उभ्या होत्या. डॉक्टरांचा कागद दाखवला. म्हणाल्या, मोडायचं असेल तर आत्ता मोडा, दोष माझ्यावर टाका, सुजाला त्यातलं काही कळू देऊ नका. मी म्हटलं, मला मोडायचं नाही. मग म्हणाल्या, तर तिला सांगू नका मी आले होते म्हणून. चिडेल माझ्यावर."

"आणि तू इतके दिवस..."

"त्यांनी शपथ घातली होती, सुजा. आणि गोळ्या बंद केल्यात हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, लग्नात त्या आनंदात आहेत."

त्या ट्रेवर तो का झडप घातल्यासारखा उठला ते मला तेव्हा कळलं.

मग तू गोळ्या का बंद केल्यास, ताई? ज्याच्यापासून लपवायचं त्याला तू सांगून मोकळी झाली होतीस. मला तेवढं म्हणाली असतीस, की सुजा, त्याला माहीत आहे, मला गोळ्या खाऊ दे. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तू आज असतीस. तेव्हापासून मी हाच हिशेब मांडतेय. कधी वाटतं, सासूबाईंना कळेल याची तुला काळजी होती. कधी वाटतं, एक दिवस तरी कुणी तुझ्या हातांकडे बघू नये असं तुलाच वाटलं असेल. आणि कधी वाटतं, मी ज्या आवाजात ते बोलले, त्यानंतर तुला नाही म्हणावंसंच वाटलं नाही. यातलं खरं काय ते तू मला सांगणार नाहीस, आणि माझ्या मनाला बरं वाटेल ते निवडायचा मला हक्क नाही.

आता एक सांगायचं राहिलंय. मला दिवस गेलेत. तू होतीस तेव्हापासूनच होते ते, पण मलाच कळलं नव्हतं. परवा सासूबाई मला तपासायला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई कार्ड भरत होत्या. वय, वजन, आधीचं काही दुखणं. मग त्यांनी विचारलं, "माहेरी कुणाला काही आजार? साखर, रक्तदाब, मनाचं काही?"

माझ्या आधी सासूबाई म्हणाल्या, "छे, तसलं काही नाही त्यांच्यात. माणसं चांगली आहेत."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "मोठ्या बहिणीला होता," मी म्हणाले. "मनाचा आजार. लिथियम चालू होतं. पाच-सहा वर्षं ती अगदी ठीक होती." डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता लिहून घेतलं, साखर असती तर जसं लिहिलं असतं तसं. मग म्हणाल्या, "बाळंतपणानंतरचे काही आठवडे आपण जरा लक्ष ठेवू. झोप येईनाशी झाली, भराभर बोलायला लागलात, तर थांबायचं नाही. लगेच यायचं." मी म्हटलं, येईन. ही भीती मला नवी नाही. लग्नाआधीपासून, सकाळी लवकर जाग आली की मी आधी आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघून येते.

येताना रिक्षात सासूबाई माझ्या शेजारी होत्या. स्टेशनच्या पुलाजवळ रिक्षा अडकली. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती आणि त्या माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे बघत होत्या. घरी गेल्यावर काय होईल मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतायत, आणि मिलिंदशी बोलताना दार लावून घेतात.

घराच्या वळणावर त्या म्हणाल्या, "हे लग्नाच्या आधी सांगायला हवं होतंत."

"हो," मी म्हणाले. "ताई तेच म्हणत होती."